पट्टीवर काय चिकटवले आहे?

पावसाळा लागला की आपल्या जिल्ह्यातील दवाखान्यांपुढे तापाच्या रुग्णांची रांग लागते, हे वर्षानुवर्षांचे आहे. अलीकडे त्यात भर पडली आहे ती रुग्णाच्या हातातील कागदाची. आर्वीचा असो की समुद्रपूरचा, माणूस बाकावर टेकायच्या आत कागद पुढे करतो आणि सांगतो, ‘‘डाक्टर, टायफाईड निंगाला जी.’’ कागदावर तीन-चार आजारांची नावे असतात आणि त्यांतल्या एकदोहोंपुढे ‘पॉझिटिव्ह’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ताप कितव्या दिवसाचा आहे, थंडी वाजते का, खोकला आहे का, हे कोणी विचारण्यापूर्वीच निदान झालेले असते. हे निदान केलेले असते बोटभर लांबीच्या एका पट्टीने.

मी या पट्टीच्या विरुद्ध नाही. उलट, खेड्यापाड्यांतील माणसाला गेल्या तीस-चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्राने ज्या थोड्या चांगल्या वस्तू स्वस्तात दिल्या, त्यांत मी या पट्टीची गणना करतो. माझा आक्षेप आहे तो तिच्यावरील लाल रेघ म्हणजे ब्रह्मवाक्य मानण्यावर. ती रेघ एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न कोणता हे पट्टी तयार करतानाच ठरून गेलेले असते. म्हणून रुग्णाने, नातेवाइकाने आणि सर्वांत आधी डॉक्टरने विचारायला हवे की, या पट्टीवर काय चिकटवले आहे?

पट्टी म्हणजे काय ते प्रथम पाहू. तिचा मुख्य भाग असतो नायट्रोसेल्युलोज या पॉलिमरचा पांढरा पापुद्रा. पॉलिमर म्हणजे एकाच घटकाच्या हजारो कड्या जोडून झालेली लांब साखळी. सेल्युलोज ही अशीच एक साखळी असून ती लाकडात असते आणि आपल्या कापसात तर जवळजवळ शुद्ध स्वरूपात असते. सरकीवर उरणाऱ्या आखूड तंतूंवर किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. याच पदार्थापासून एके काळी बंदुकीची दारू आणि सिनेमाची फीतही होत असे. ज्या जिल्ह्यात कापूस पिकतो, तेथील माणसाच्या रक्ताची परीक्षा कापसाच्याच एका चुलत भावंडावर होते, ही गंमत मला नेहमी वाटत आली आहे.

या पापुद्र्याला दोन गुण आहेत. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असल्याने रक्तातील पाणी त्यातून टीपकागदासारखे आपोआप पुढे सरकते. दुसरा गुण महत्त्वाचा: प्रथिने त्याला घट्ट चिकटतात. कारखान्यात पापुद्र्यावर प्रथिनाच्या द्रावणाची बारीक रेघ ओढतात आणि वाळवतात. मग बाकीच्या मोकळ्या जागी भलतेसलते काही चिकटू नये म्हणून तेथे एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाचा हात फिरवतात. दुधातील केसिनही या कामी चालते. बहुतेक पट्ट्यांमध्ये जी लाल रेघ उमटते तो रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. रक्तातील हवा तो पदार्थ या सुवर्णकणांना धरून पुढे येतो आणि रेघेवरच्या प्रथिनात अडकतो. कण दाटले की रेघ दिसते. अडकणारे काही नसेल तर सोने पुढे वाहून जाते.

पूर्वी अशा कामासाठी जंतू चेचून त्याचा सगळा रस वापरत. त्यात अडचण अशी की, निरनिराळ्या जंतूंची काही प्रथिने एकमेकांसारखी असतात. भावकीतल्या माणसांची नाके जशी सारखी, तसेच. त्यामुळे एका जंतूसाठी टाकलेल्या जाळ्यात दुसऱ्याच जंतूची खूण सापडे. यावर तोड म्हणून शास्त्रज्ञ प्रथिनाचा नेमका तेवढाच तुकडा वेगळा काढू लागले, जो त्या जंतूखेरीज इतरत्र आढळत नाही. दहा-वीस अमिनो आम्लांच्या अशा छोट्या तुकड्याला पेप्टाइड म्हणतात. रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६३ साली पेप्टाइड प्रयोगशाळेत कडीला कडी जोडून बनवण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली आणि १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून जंतू न वाढवताही त्याची खूण बाटलीत तयार करता येऊ लागली.

परंतु पेप्टाइड पापुद्र्यावर बसवणे हे बोलण्याइतके सोपे नाही. मोठे प्रथिन अनेक ठिकाणी पापुद्र्याला धरून राहते. पेप्टाइड इवलेसे असल्यामुळे एक तर ते धुऊन निघून जाते, किंवा पूर्ण आडवे पडून चिकटते आणि ज्या अंगाने ते ओळखले जायचे तेच अंग खाली दबते. दारावर नावाची पाटी उलटी ठोकावी, तसा हा प्रकार होतो. म्हणून त्याला एखाद्या मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवून मग चिकटवतात, किंवा त्याच्या एका टोकाला जादा शेपटी जोडून त्या शेपटीने पापुद्र्याशी रासायनिक बंध करतात, म्हणजे ओळखीचा भाग वर मोकळा राहतो. एकाच आजाराच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या वेगवेगळी उत्तरे का देतात, याचे एक कारण येथे आहे. तुकडा कोणता निवडला आणि तो कसा बसवला, यांवर पट्टीची लायकी ठरते. वेष्टनावरील रंगीत चित्रावरून ती कळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पट्टी दोन तऱ्हेचे प्रश्न विचारू शकते. रेघेवर जंतूला पकडणारे प्रथिन बसवले असेल, तर प्रश्न होतो, ‘जंतू किंवा त्याचा अंश आज या रक्तात आहे काय?’ रेघेवर जंतूचेच प्रथिन किंवा पेप्टाइड बसवले असेल, तर प्रश्न होतो, ‘या शरीराने त्या जंतूविरुद्ध कधी प्रतिपिंडे तयार केली आहेत काय?’ हे दोन प्रश्न एक नव्हेत. घरात सापाची कात सापडली म्हणजे साप येथून गेला एवढे नक्की. तो आज माजघरात आहे की मागच्या पावसाळ्यातच निघून गेला, हे कात सांगत नाही. प्रतिपिंड ही कात आहे. पुष्कळ आजारांत ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, रक्तात राहते.

हा भेद समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील जमनालाल बजाज ट्रॉपिकल डिसीज रिसर्च सेंटरमध्ये डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या रक्तपरीक्षेवर दीर्घकाळ काम केले. वर्धा जिल्हा हा हत्तीरोगाचा जिल्हा. या रोगाचे सूक्ष्म कृमी रात्रीच त्वचेजवळच्या रक्तवाहिन्यांत येतात, म्हणून रक्त घ्यायला माणसाला झोपेतून उठवावे लागे. दिवसा घेतलेल्या रक्तावर परीक्षा व्हावी, ती स्वस्त असावी आणि साध्या प्रयोगशाळेत जमावी, हा ध्यास या कामामागे होता. पॉलिमरच्या पापुद्र्याचा, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेटचा लहानसा तुकडा प्लॅस्टिकच्या काडीवर लावून, त्यावर प्रतिजन बसवून, ती काडी रुग्णाच्या रक्तजलात बुडवायची, अशी पद्धत तेथे वापरली गेली. रंगासाठी महागड्या विकराऐवजी पेनिसिलिनेज वापरले. स्टार्च आणि आयोडिनचा निळा रंग उडाला की परीक्षा होकारार्थी. ज्यांना पीठ आणि आयोडिनचा शाळेतला प्रयोग आठवतो, त्यांना हा साधेपणा पटेल.

परंतु हत्तीरोगाच्या गावात प्रतिपिंडांची परीक्षा केली की एक पेच पडतो. डास सर्वांनाच चावतात. कृमी शरीरात शिरून तेथेच मेला तरी प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे रोगी आणि निरोगी दोघेही होकारार्थी निघतात. म्हणूनच या क्षेत्रातील संशोधन, सेवाग्राममधील कामासह, रक्तात फिरणारा कृमीचा अंश पकडण्याकडे वळले. आज पाहणीसाठी जगभर वापरली जाणारी हत्तीरोगाची पट्टी याच तत्त्वावर चालते. ती मोठ्या कृमीचे प्रतिजन शोधते आणि दिवसाच्या रक्तावरही उत्तर देते.

क्षयाच्या बाबतीत हा धडा देशाला महागात पडला. सेवाग्रामसह अनेक ठिकाणी क्षयजंतूच्या निवडक प्रथिनांवर संशोधन चालले होते आणि ते योग्यच होते. पण संशोधनाच्या मेजावरील गोष्ट आणि बाजारातील गोष्ट यांत अंतर असते. बाजारात क्षयाच्या प्रतिपिंडांच्या अनेक परीक्षा सर्रास विकल्या जाऊ लागल्या. थुंकी तपासणे सोडून रक्त तपासणे सुरू झाले, कारण थुंकीच्या तपासणीत पैसा नव्हता. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने ९४ अभ्यासांची छाननी केली आणि जुलै २०११ मध्ये सांगितले की, सक्रिय क्षयाच्या निदानासाठी या परीक्षा वापरू नयेत. दरवर्षी अशा दहा लाखांहून अधिक परीक्षा होत असल्याचेही संघटनेने नमूद केले होते. भारत सरकारने जून २०१२ मध्ये या संचांची आयात, उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी घातली. संशोधन थांबवा असे कोणी म्हटले नाही, आणि तेही योग्यच झाले.

त्या परीक्षा का फसल्या? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांना क्षयजंतूंचा संसर्ग होऊन गेलेला आढळला. त्यांतील फार थोड्यांना रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू निपचित पडून असतो. त्याचा माग काढून ‘पॉझिटिव्ह’ म्हटले की धडधाकट माणूस सहा महिने गोळ्या खातो. दुसरीकडे खरोखर रोगी असलेल्या काहींच्या रक्तात प्रतिपिंडे पुरेशी सापडतच नाहीत. त्यांना ‘निगेटिव्ह’ असा कागद देऊन घरी पाठवले जाते, आणि ते घरातल्या पोरांवर खोकत राहतात. मला या दोन चुकांपैकी दुसरी अधिक भयंकर वाटते.

बंदी आली म्हणून सवय गेली असे नाही. आता ‘टीबी गोल्ड’चा कागद घेऊन लोक येतात. ही निराळी परीक्षा आहे. तिच्यात पापुद्रा नसतो. क्षयजंतूची निवडक पेप्टाइडे रक्तातील पेशींना दाखवून त्या पेशी ती ओळखतात का, ते पाहतात. ही पेप्टाइडे बीसीजी लशीच्या जंतूत नाहीत, म्हणून लस टोचलेल्या माणसातही ती गल्लत करत नाही. परीक्षा चांगली आहे, पण प्रश्न पुन्हा तोच: संसर्ग झाला आहे काय? रोग आहे काय, हा तिचा प्रश्नच नव्हे. रोग शोधायचा तर थुंकी किंवा गाठीतील पाणी तपासावे आणि जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट परीक्षा करावी. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीची आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली तिला मान्यता दिली. सरकारी दवाखान्यात या परीक्षांना पैसे पडत नाहीत.

टायफॉइडची कथा याहून रोजची आहे. विडाल परीक्षा १८९६ सालची. ज्या भागात दूषित पाण्यामुळे हा जंतू पुष्कळांच्या पोटातून जाऊन आलेला असतो, तेथे एका वेळच्या विडालला फारसा अर्थ नसतो, हे वैद्यकीय पुस्तकांत किती तरी काळ छापलेले आहे. विडालच्या जोडीला आता पट्टी आली. तीही बहुधा प्रतिपिंडेच शोधते. खरी परीक्षा म्हणजे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त घेऊन त्यातील जंतू वाढवून पाहणे. ती महाग आहे, तिला दिवस लागतात आणि ती सर्वत्र होत नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून डेंग्यूच्या, स्क्रब टायफसच्या किंवा साध्या विषाणूच्या तापाला टायफॉइड ठरवून सलाईन आणि इंजेक्शने सुरू करावीत, हे मला मान्य नाही. स्क्रब टायफसने २०१८ साली विदर्भात बळी घेतले, हे विसरता येत नाही. त्यावरचे डॉक्सिसायक्लिन हे औषध स्वस्त असते, पण ते वेळेवर मिळावे लागते. चुकीच्या रेघेमुळे चार दिवस चुकीच्या औषधात गेले तर ते औषध स्वस्त असून काय उपयोग?

डेंग्यूत तर दिवसांचा हिशेब फारच महत्त्वाचा. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन रक्तात सापडते. आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात, तर आयजीजी जुन्या संसर्गाचीही असू शकतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम नाही म्हणून ‘डेंग्यू नाही’ म्हणणे आणि केवळ आयजीजी आहे म्हणून ‘डेंग्यू आहे’ म्हणणे, दोन्ही सारखेच चुकीचे. सरकारी कार्यक्रमात पट्टीवरील उत्तर पक्के धरत नाहीत. एलायझा परीक्षेने खात्री करतात आणि त्यासाठी आयजीएमचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते.

एखादा म्हणेल, मग पट्ट्या हव्यातच कशाला? मलेरियाची पट्टी पाहा. आशाताई गावातच बोटातून थेंबभर रक्त घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते. ती पट्टी परोपजीवीचे प्रथिन शोधते, म्हणजे साप आहे का हेच विचारते. तिचीही एक खोड आहे: फाल्सिपारम मलेरियाचे ते प्रथिन रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून औषध घेतल्यानंतर पुन्हा पट्टी करून ‘मलेरिया गेलाच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. एचआयव्हीची परीक्षा तर प्रतिपिंडांवरच चालते आणि उत्तम चालते, कारण हा विषाणू एकदा शिरला की शरीरातून जात नाही. तेथे कात सापडली म्हणजे साप आहेच. त्यातही विषाणूच्या आवरणातील प्रथिनाची कृत्रिम पेप्टाइडे फार उपयोगी पडली. तरीसुद्धा लक्षणे नसलेल्या माणसाला एका रेघेवर एचआयव्हीबाधित म्हणत नाहीत. वेगवेगळ्या प्रतिजनांवर किंवा तत्त्वांवर चालणाऱ्या तीन परीक्षा जुळाव्या लागतात. हीच शिस्त तापाच्या कागदाला का नको?

थोडा हिशेब मांडतो. समजा, तापाच्या १००० रुग्णांपैकी २० जणांनाच एखादा रोग आहे. पट्टी शंभरातल्या ९० रोग्यांना पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी फक्त ५ जणांना चुकून धरते. ऐकायला पट्टी झकास आहे. पण २० रोग्यांतले १८ सापडतील आणि उरलेल्या ९८० पैकी ४९ जण विनाकारण सापडतील. एकूण ६७ कागदांवर ‘पॉझिटिव्ह’ येईल आणि त्यांतले खरे १८. म्हणून सर्व तापांसाठी सर्व पट्ट्या एकदम करणारे जे ‘ताप पॅकेज’ विकले जाते, त्याला माझा विरोध आहे. जितक्या जास्त पट्ट्या कराल तितकी एखादी खोटी रेघ उमटण्याची शक्यता वाढते. आधी माणूस तपासावा, मग शंका धरावी, आणि त्या शंकेपुरती पट्टी करावी.

आणखी एक गोष्ट वैशाखातली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक पट्ट्यांच्या डब्यांवर ३० अंशांची, फार तर ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. रेघेवरील प्रथिन उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते. पत्र्याच्या खोलीतील कपाटात महिनाभर पडलेला डबा आणि पुडीतील ओलावा शोषणारी पुडी फेकून दिलेली पट्टी, यांचे उत्तर मी स्वीकारणार नाही. लोक म्हणतात, ‘‘पण वरची कंट्रोलची रेघ तर आली होती.’’ ती रेघ एवढेच सांगते की द्रव पट्टीभर वाहिला आणि सुवर्णकण शाबूत होते. खालच्या रेघेवरचे पेप्टाइड जिवंत आहे की मेले, याची ग्वाही ती देत नाही.

प्रयोगशाळांकडे माझी मागणी मोठी नाही. कागदावर नुसते ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ छापू नये. परीक्षा जंतूच्या अंशाची की प्रतिपिंडांची, पट्टी की एलायझा, संच कोणत्या कंपनीचा, त्याची मुदत केव्हा संपते, आणि रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतले, एवढे चार-पाच शब्द अधिक छापावेत. शाई काही महाग नाही. जिल्ह्यातील वैद्यकीय संघटनांनी मनावर घेतले तर सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी डबे थंड ठेवण्याची सोय करावी. ती नसेल तर उन्हाळ्यात थोडेच डबे मागवावेत.

वाचकांनी तापाचा पहिला दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावा आणि डॉक्टरांना तारीख सांगावी. आधी कुठली गोळी घेतली असेल तर तीही सांगावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर रक्ताची कोणतीही पट्टी न करता थुंकीची डबी मागून घ्यावी. आणि हत्तीरोगाच्या पाहणीसाठी आरोग्य खात्याची माणसे शाळेत आली, तर सहा-सात वर्षांच्या मुलांचे बोट टोचू द्यावे. त्या वयाच्या मुलाच्या रक्तात कृमीचा अंश सापडला तर तो जुना असण्याचा संभव फार कमी. गावात रोगाचा प्रसार अजून चालू आहे की थांबला, हे त्या थेंबावरूनच कळते.